एका पानात अनेक पाने : विकेट चौकटीतील टॅब

जुन्या खतावणीच्या कडेला अक्षरवार चिठ्ठ्या चिकटवलेल्या असत. हवे ते खाते काढण्यास सारी वही चाळावी लागत नसे. संगणकाच्या पडद्यावरील टॅब हा त्या चिठ्ठीचाच भाऊबंद होय. चिठ्ठी उलटली म्हणून वहीतील मजकूर कधी पुसला गेला नाही. टॅबच्या बाबतीत मात्र तसे घडू शकते, म्हणून हा पाठ.

जावा भाषेत वेबपृष्ठे रचण्यासाठी विकेट नावाची चौकट आहे. जोनाथन लॉक यांनी ती २००४ साली सुरू केली. २००७ साली ती अपाचे संस्थेचा स्वतंत्र प्रकल्प झाली. तीत पृष्ठाचा प्रत्येक भाग हा जावातील एक घटक असतो.

समजा, शिष्यवृत्तीच्या अर्जाचे विद्यार्थी, कुटुंब व गुणपत्रिका असे तीन टॅब करावयाचे आहेत. प्रत्येकासाठी एक पॅनेल लिहावे. मग ‘आयटॅब’ जातीच्या तीन वस्तूंची यादी करून ती ‘टॅब्डपॅनेल’ या तयार घटकाच्या हवाली करावी. ‘अॅबस्ट्रॅक्टटॅब’चा आधार घेतल्यास शीर्षक देऊन ‘गेटपॅनेल’ ही एकच कृती लिहावी लागते. या कृतीकडे एक ओळखनाव येते, तेच पॅनेलला द्यावयाचे. शिकाऊ मनुष्य आपल्या मनचे नाव देतो आणि पृष्ठ चूक दाखवून थांबते.

आता मुख्य अडचण. टॅबचे शीर्षक हा साधा दुवा असतो. तो दाबल्याने अर्ज पाठविला जात नाही, आणि जुने पॅनेल काढून त्या जागी नवे बसविले जाते. एखाद्या मुलीने कुटुंबाची सारी माहिती भरली, गुणपत्रिकेचा टॅब उघडला आणि परत आली, तर रकाने कोरे! तिला वाटते, आपलेच काही चुकले. वास्तविक चूक रचनाकाराची असते.

उपाय असा. संपूर्ण टॅब्डपॅनेल एकाच फॉर्मच्या पोटात ठेवावे. ‘न्यूलिंक’ ही कृती नव्याने लिहून तिच्यातून साध्या दुव्याऐवजी ‘सबमिटलिंक’ द्यावी, आणि तिच्या ‘ऑनसबमिट’मध्ये ‘सेटसिलेक्टेडटॅब’ला टॅबचा क्रमांक द्यावा. अर्जाची माहिती पॅनेलमध्ये न ठेवता पृष्ठाजवळील एकाच वस्तूत ठेवावी व तिन्ही पॅनेलांना तीच दाखवावी.

येथे एक मेख आहे. तपासणीत काही चुकले तर ‘ऑनसबमिट’ चालत नाही व टॅब बदलत नाही. उत्पन्नाचा दाखला हाताशी नसलेला अर्जदार तेथेच अडकून पडतो. म्हणून ‘हे भरलेच पाहिजे’ ही सक्ती शेवटच्या ‘पाठवा’ बटणापुरती राखावी, असे माझे मत आहे.

‘एजॅक्सटॅब्डपॅनेल’ वापरल्यास सारे पृष्ठ नव्याने न येता तेवढाच भाग बदलतो. तेथे दुवाही ‘एजॅक्ससबमिटलिंक’ हवा. सभासदांची मोठी यादी मात्र टॅबच्या वस्तूत कोंबू नये. विकेट पृष्ठ साठवून ठेवते, त्याबरोबर ती यादीही साठविली जाते. अशी यादी ‘लोडेबलडिटॅचेबलमॉडेल’मधून लागेल तेव्हा आणावी.