सेकंड हँड सुपरकार घ्यायची? आधी हा हिशोब वहीत मांडा



मागच्या व्हिडिओत आपण जुनं मशीन घेताना काय तपासायचं ते शिकलो. तो व्हिडिओ बघून एका विद्यार्थ्याचा फोन आला. वय बत्तीस, भोसरीत जॉबवर्कचं युनिट, यंदाचं वर्ष पहिल्यांदाच चांगलं गेलेलं. मला वाटलं मशीनबद्दल विचारेल. तर म्हणतो, "सर, लॅम्बोर्गिनी गॅलार्डो मिळतेय. ७५ लाखांत. नवीन असताना दोन कोटींच्या वर होती. करंट अकाउंटला ६८ लाख पडून आहेत. २५ लाख आपले घालतो, बाकीचे ५० गाळ्यावर कर्ज काढतो. घेऊ का?"

मी त्याला हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. म्हटलं, "वही घे, आज रात्री तीन हिशोब मांड, मग बोलू." तेच तीन हिशोब आज तुम्हाला देतोय. तुमच्या डोक्यात लॅम्बोर्गिनी असो, पोर्शे असो की जुनी टेम्पो ट्रॅव्हलर, पद्धत तीच.

आधी एक नियम पाठ करा

गाडी जुनी झाली की तिची किंमत उतरते. तिच्या पार्टची किंमत उतरत नाही.

दोन कोटींची गाडी ७५ लाखांत मिळते, पण तिचा क्लच, ब्रेक, सस्पेन्शन दोन कोटींच्या गाडीचंच राहतं. उलट गाडी जितकी जुनी, तितकं कामही जास्त निघतं. म्हणजे खरेदी ७५ लाखांच्या गिऱ्हाइकाची, पण देखभाल दोन कोटींच्या मालकाची. बाजारात अशा गाड्या "स्वस्तात" का दिसतात, त्याचं मोठं कारण हेच.

हिशोब पहिला: हे पैसे खरंच माझे आहेत का?

बँकेत दिसणारी रक्कम म्हणजे नफा नाही. त्या मुलाने ६८ लाखांची फोड केली, ती अशी:

सप्लायरची देणी: १९ लाख
गिऱ्हाइकांनी दिलेला ॲडव्हान्स: ११ लाख
जीएसटी आणि ॲडव्हान्स टॅक्स: ८ लाख
दोन महिन्यांचे पगार, लाइट बिल, कच्चा माल: १२ लाख
मशीनच्या हप्त्यांसाठी राखीव: ४ लाख

एकूण ५४ लाख. उरले १४ लाख. आणि तो २५ लाख काढायला निघाला होता! बाकीचे ११ लाख कुठून येणार होते? गिऱ्हाइकाच्या ॲडव्हान्समधून. एखादी मोठी ऑर्डर रद्द झाली असती, तर ॲडव्हान्स परत द्यायलाही पैसे नसते.

त्यात आणखी एक. इतक्या जुन्या गाडीवर बँका सहसा वाहनकर्ज देत नाहीत. म्हणून तो गाळा तारण ठेवणार होता. गाडीचा हप्ता थकला तर बँक काय ओढून नेणार? गाडी नाही. गाळा. ज्या जागेवर दहा माणसांची चूल पेटते, ती जागा रविवारच्या फेरफटक्यासाठी पणाला लावायची का? या प्रश्नाचं उत्तर शांतपणे द्या.

हिशोब दुसरा: दारात उभी राहिल्यावर किती खाते?

आता मी सोपे, समजायला बरे असे आकडे घेतो. तुमच्या गाडीचे आकडे तुम्ही चौकशी करून भरा.

इन्शुरन्स: २ लाख
वर्षाची सर्व्हिस: २.५ लाख
टायर (संचाचा खर्च वर्षांत वाटून): ०.८ लाख
पार्किंग, बॅटरी, साफसफाई: ०.७ लाख
दुरुस्तीचा राखीव निधी: ४ लाख

झाले वर्षाला १० लाख. आता ५० लाखांचं कर्ज, १२ टक्के व्याज, ५ वर्षं मुदत. हप्ता येतो महिन्याला साधारण १ लाख ११ हजार. वर्षाचे १३ लाख ३५ हजार. दोन्ही मिळून वर्षाला २३ लाख ३५ हजार.

आता खरा प्रश्न विचारा. तुमच्या धंद्यात शंभर रुपयांच्या विक्रीवर हातात किती उरतात? समजा दहा रुपये. मग ही गाडी सांभाळायला दरवर्षी २ कोटी ३३ लाखांची *जास्तीची* विक्री करावी लागेल. आहे त्या विक्रीच्या वर. बघा, गाडीची किंमत रुपयांत मोजू नका, ऑर्डरींत मोजा. मग डोकं लगेच जागेवर येतं.

"पण सर, कंपनीच्या नावावर घेतली तर टॅक्स वाचतो ना?"

हा प्रश्न मला दर बॅचला येतो. उत्तर नीट वाचा.

मोटारकारवर आयकरात १५ टक्के घसारा मिळतो. ७५ लाखांवर पहिल्या वर्षी ११ लाख २५ हजार. तुमचा टॅक्स दर २५ टक्के धरला, तर वाचले साधारण २ लाख ८१ हजार. त्यातही गाडी त्या वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापरली तर घसारा निम्माच. आणि घरच्या वापराचा हिस्सा अधिकारी वगळू शकतो. जॉबवर्कच्या युनिटला गॅलार्डो कशाला लागते, हे तुम्ही त्याला कसं पटवणार?

जीएसटीचं इनपुट क्रेडिटही मिळत नाही. १३ पर्यंत सीट असलेल्या प्रवासी गाड्यांवर ते अडवलेलं आहे. गाड्यांचा व्यापार, प्रवासी वाहतूक, ड्रायव्हिंग स्कूल अशा धंद्यांनाच सूट आहे. शिवाय महाराष्ट्रात कंपनीच्या नावावरच्या गाडीला व्यक्तीच्या गाडीपेक्षा जास्त दराने रोड टॅक्स लागतो.

थोडक्यात, शंभर रुपये खर्च करून पंचवीस वाचवणं याला बचत म्हणत नाहीत.

"मग लग्नाला, शूटिंगला भाड्याने देईन." तेही नाही. पांढऱ्या नंबरप्लेटची खाजगी गाडी भाड्याने चालवणं बेकायदा आहे, त्याला परमिट लागतं. आणि भाड्यावर असताना ठोकली, तर इन्शुरन्स कंपनी क्लेम नाकारायला मोकळी.

हिशोब तिसरा: ही *नेमकी* गाडी कशी आहे?

प्रत्येक मॉडेलचं एक ठरलेलं दुखणं असतं. ते माहीत नसताना गाडी बघायला जाणं म्हणजे भाव न विचारता माल उचलणं. काही उदाहरणं:

लॅम्बोर्गिनी गॅलार्डो २००३ ते २०१३ या काळात बनली. तिच्या ई-गिअरमध्ये क्लचचं पेडल नसतं, पण आत क्लच एकच असतो आणि तो घासतो. ट्रॅफिकमध्ये सरकत जाणं आणि बेसमेंटच्या चढावर रिव्हर्स घेणं, यात तो सगळ्यात जास्त जातो. आपल्याकडे रोज तेच होतं. क्लच किती टक्के घासलाय हे डायग्नॉस्टिक मशीनवर दिसतं. ते रीडिंग बघितल्याशिवाय टोकन द्यायचं नाही.

ऑडी आर८ गॅलार्डोची जवळची नातेवाईक. सुरुवातीच्या आर-ट्रॉनिकमध्ये हीच क्लचची कटकट आहे. २०१३ च्या फेसलिफ्टपासून ड्युअल क्लचचा एस-ट्रॉनिक आला, तो शहरात वापरायला बराच बरा.

फेरारी घेत असाल तर टायमिंग बेल्ट की चेन, हे आधी विचारा. एफ३५५ चा बेल्ट बदलायला अख्खं इंजिन खाली उतरवावं लागतं. ३६० मोडेनाला इंजिन न उतरवता काम होतं, पण बेल्ट आहेच. एफ४३० पासून चेन आली. बेल्ट किलोमीटरवर नाही, वर्षांवर बदलतात. त्यामुळे "फक्त आठ हजार किलोमीटर चाललीय" हे ऐकून खूश होऊ नका.

पोर्शे ९११ च्या ९९६ पिढीत आणि सुरुवातीच्या ९९७ मध्ये आयएमएस नावाचं एक बेअरिंग आहे. सगळ्याच गाड्यांत ते फुटत नाही, पण फुटलं तर इंजिनच जातं. बदललंय का, बदललं असेल तर बिल दाखवा, असं स्पष्ट विचारा. ९९६ टर्बो आणि जीटी३ चं इंजिन वेगळं, त्यांना हा त्रास नाही. २००९ च्या मॉडेलपासून इंजिनची रचनाच बदलली.

आता कुठलीही गाडी असो, ही यादी सोबत न्या.

१. सर्व्हिसची बिलं वर्षवार लावून बघा. मध्ये तीन वर्षं रिकामी असतील तर का, ते विचारा.
२. त्या ब्रँडवर काम केलेल्या स्वतंत्र मेकॅनिककडून तपासणी करून घ्या. विकणाऱ्याच्या ओळखीचा नको. कॉम्प्रेशन आणि लीक-डाउन टेस्ट मागा. इंजिन प्रमाणाबाहेर फिरवलंय का, याची नोंद पोर्शेच्या कॉम्प्युटरमध्ये सापडते.
३. टायरच्या कडेवर चार आकडे असतात. ३५१९ म्हणजे २०१९ सालचा ३५ वा आठवडा. नक्षी नवी दिसली तरी रबर म्हातारं असू शकतं.
४. ब्रेक कार्बन-सिरॅमिक असतील तर डिस्कच्या कडा उडाल्यात का बघा. या डिस्क बदलायच्या म्हणजे फार मोठा खर्च.
५. गाडीखाली वाकून बघा. आपल्याकडे स्पीड ब्रेकरची मानक उंची १० सेंटीमीटर, पण पाळतं कोण? पुढची बाजू उचलणारी लिफ्ट असेल तर ती पाच वेळा चालवून बघा.
६. जास्त दिवस उभी असलेली गाडी म्हणजे सुकलेली सील, गेलेली बॅटरी, टाकीत जुनं पेट्रोल. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. जुन्या गाडीचे पाइप आणि सील त्याला चालतात का, ते मॅन्युअलमध्ये बघा.

कागद आधी, चावी नंतर

परिवहनच्या वाहन पोर्टलवर मालकाचं नाव, बँकेचा बोजा आणि थकलेली चलनं दिसतात. बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५. मालकी बदलायला फॉर्म २९ आणि ३०.

परराज्यातली गाडी स्वस्त दिसते तेव्हा सावध व्हा. तिथल्या आरटीओची एनओसी, म्हणजे फॉर्म २८ लागतो. १२ महिन्यांपेक्षा जास्त इथे ठेवायची तर इथला नंबर आणि इथला रोड टॅक्स. हा टॅक्स धरला की "स्वस्त" गाडी बऱ्याचदा इथल्याच भावाला येते.

खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. नंतर फिटनेस करून पाच-पाच वर्षांनी वाढवावी लागते, आणि महाराष्ट्रात त्यावर पर्यावरण करही आहे. विद्यार्थ्याच्या गॅलार्डोची ही मुदत संपतच आली होती. जाहिरातीत त्याबद्दल एक शब्द नव्हता.

इन्शुरन्स स्वतःच्या नावावर १४ दिवसांच्या आत करायला घ्या. झिरो-डेप कव्हर जुन्या गाडीला सहसा मिळत नाही. मग क्लेममध्ये रबर, प्लास्टिक, टायर, बॅटरीवर ५० टक्के कपात होते. गाडी १० वर्षांच्या पुढची असेल तर धातूच्या पार्टवरही ५० टक्के. बंपर घासला की अर्धा खर्च तुमच्या खिशातून.

मग घ्यायचीच नाही का?

असं मी म्हणत नाही. हौसेला मोल नसतं, पण बिल असतं. गाडी आवडते म्हणून घ्यायची असेल तर तसं स्वतःशी कबूल करा. "ब्रँडिंग होईल, गिऱ्हाईक इम्प्रेस होईल" अशी कारणं देऊन ती धंद्याच्या खात्यावर टाकू नका. जॉबवर्क देणारी कंपनी तुमची डिलिव्हरी वेळेवर होते का, एवढंच बघते. गाडी बघून कदाचित दर कमी करायला सांगेल!

माझे तीन नियम आहेत:

एक, गाडी धंद्याच्या नाही, स्वतःच्या पैशातून. म्हणजे पगार किंवा नफ्यातून काढून, टॅक्स भरून उरलेल्या रकमेतून.
दोन, कर्ज काढावं लागत असेल तर वेळ आलेली नाही. गाळा तारण तर कधीच नाही.
तीन, खरेदीच्या दिवशी किमतीच्या १५ टक्के रक्कम दुरुस्तीसाठी वेगळी हवी. ७५ लाखांच्या गाडीला सव्वाअकरा लाख. ती नसेल तर तुमचं बजेट ७५ नाही, त्याहून कमी आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या मुलाचा फोन आला. रात्री दोन वाजेपर्यंत बसला होता म्हणे. "सर, गाडी परवडत होती असं वाटत होतं. पण तिचा क्लच परवडत नाही." टोकन दिलं नव्हतं, ते नशीब. आता त्याने वेगळं खातं उघडलंय आणि दर महिन्याला स्वतःच्या पगारातले पैसे त्यात टाकतोय. गाड्यांच्या जाहिराती अजूनही बघतो. बघू दे. आता तो जाहिरात उघडली की किंमत सोडून आधी सर्व्हिसची बिलं विचारतो.

आजचा गृहपाठ: तुमच्या करंट अकाउंटची आजची शिल्लक लिहा. त्यातून सप्लायर, ॲडव्हान्स, टॅक्स, दोन महिन्यांचा खर्च आणि हप्ते वजा करा. जो आकडा उरेल, तेवढेच तुमचे पैसे. गाडी घ्यायची नसली तरी हा हिशोब दर महिन्याच्या एक तारखेला करा.

भेटूया पुढच्या व्हिडिओत. तोपर्यंत धंदा जपा, गाळा जपा!