फोटोमागे नाव लिहा

डोंबिवली हे ठाणे जिल्ह्यातले गाव. आज तिथे उंच इमारती आहेत. पूर्वी आमच्या आळीत बैठ्या चाळी होत्या. मधोमध विहीर होती. पहाटेपासून रहाटाचा आवाज यायचा.

मी शाळामास्तर, पण मला फोटोची भारी हौस. एका स्नेह्याने पेटीसारखा साधा कॅमेरा दिला. एका रोलमध्ये बाराच फोटो निघत. रोलला पैसे, धुवायला पैसे, छापायला पैसे! म्हणून दहादा विचार करून एक फोटो काढायचा.

हा फोटो निघतो कसा? फिल्म म्हणजे एक पातळ पट्टी. तिच्यावर चांदीच्या क्षाराचा थर असतो. कळ दाबली की कॅमेऱ्याची झडप क्षणभर उघडते. आत उजेड येतो. जिथे उजेड पडतो, तिथे त्या थरात बदल होतो. मग अंधारात ती फिल्म औषधाच्या पाण्यात धुतात. तिच्यावर चित्र उलटे दिसते. पांढरे धोतर काळे आणि काळे केस पांढरे! हिला निगेटिव्ह म्हणतात. तिच्यावरून कागदावर खरा फोटो छापतात.

१८५३ साली मुंबईहून ठाण्याला पहिली आगगाडी आली. १८५४ साली ती कल्याणला पोचली. त्याच साली मुंबईत फोटोग्राफीची संस्था निघाली. पण तेव्हा फोटो ही श्रीमंतांची हौस होती. १८८८ साली अमेरिकेत जॉर्ज ईस्टमन यांनी रोलचा सोपा कॅमेरा विकायला काढला. पुढे हळूहळू तो आपल्यासारख्यांच्या हाती आला.

१९८२ साली मी आमच्या विहिरीचा फोटो काढला. पोरे पुढे उभी राहिली. पुढे चाळी पाडल्या, विहीर बुजवली. माणसे पांगली.

बऱ्याच वर्षांनी एक तरुण दारात आला. म्हणाला, "मास्तर, आमच्या आजीचा एकही फोटो नाही हो. तुमच्याकडे असेल का?"

मी पेटी उघडली. विहिरीचा फोटो निघाला. पोरांच्या मागे आजी उभी! कमरेवर हंडा, तोंडभर हसू. तरुणाचे डोळे भरून आले. निगेटिव्ह जपून ठेवली होती. तिच्यावरून त्याला नवा फोटो करून दिला.

त्याने विचारले, "आजीशेजारी हे बाबा कोण?"

मला आठवेना. मागे पाहिले, तर कोरे! जन्मभर मी मुलांना लिहायला शिकवले. पण फोटोमागे दोन शब्द लिहिले नाहीत. त्या बाबांचे नाव आता कोण सांगणार?

मंडळी, तुम्ही आता लिहू शकता. घरातले जुने फोटो काढा. म्हातारी माणसे आहेत तोवर त्यांना विचारा. फोटोच्या मागे कडेला, मऊ पेन्सिलीने, हलक्या हाताने लिहा. शाईचा डाग पुढे उमटतो. डावीकडून उजवीकडे एकेकाचे नाव, मग गाव, मग साल. निगेटिव्ह कडेला धरा, कागदात गुंडाळा, कोरड्या जागी ठेवा. ओलीने बुरशी धरते.

आज फोटो मोबाइलवर निघतात. तरी नाव आपणच लिहायचे असते.

अभ्यास
१. निगेटिव्ह म्हणजे काय?
२. मास्तरांची चूक कोणती झाली?
३. घरातल्या एका फोटोमागे नाव, गाव व साल लिहा.