धक्क्यावरचा शेजार

लंडनला बर्मिंगहॅमशी जोडणाऱ्या ग्रँड युनियन कालव्यावरच्या एका मरीनात आम्ही दोघं बोटीवर राहतो. बोट म्हणजे नॅरोबोट : लांबी ५७ फूट, रुंदी जेमतेम सात. इंग्लंडमधली घरभाडी वाढत चालली तसे ओळखीचे मराठी लोक विचारू लागले, बोटीवर राहणं परवडतं का? त्याचा हिशेब ज्याने त्याने मांडावा. मला काळजी वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. नवीन माणूस बोट विकत घेतो, दार लावून घेतो आणि आपण स्वतंत्र झालो असं समजतो. मरीनात तसं होत नाही. वीज, धूर, सांडपाणी, बर्फ, यातलं काहीच आपल्या बोटीपुरतं राहत नाही.

१. जागेचा करार आधी वाचा, बोट नंतर बघा.
मरीनात जागा दोन प्रकारची असते : एक कायम राहण्यासाठी, दुसरी सुट्टीत वापरायच्या बोटींसाठी. दुसरी स्वस्त पडते, आणि ‘इथे सगळेच राहतात हो’ असं सांगणारं कोणी ना कोणी भेटतंच. त्यावर विसंबू नका. राहण्याची परवानगी कागदावर नसेल तर नोटीस कधीही येऊ शकते. कालव्यांची देखभाल करणाऱ्या कॅनल अँड रिव्हर ट्रस्टचं लायसन्स वेगळं काढावं लागतं. त्यासाठी विमा आणि दर चार वर्षांनी होणाऱ्या सुरक्षा तपासणीचा दाखला लागतो.

काहीजण कायमची जागा न घेता कालव्यावर फिरत राहतात. १९९५च्या कायद्यानुसार त्यांना एका ठिकाणी साधारणपणे सलग १४ दिवसांहून जास्त थांबता येत नाही, आणि एप्रिल २०२४पासून लायसन्सवर जादा आकारही भरावा लागतो. मूल शाळेत जात असेल तर या वाटेला जाऊ नका, असं माझं स्पष्ट मत आहे.

२. जेटीवरची वीज पोलाद खाते.
हे नव्या माणसाला कोणी समजावून सांगत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते. पाण्यातलं पोलाद झिजू नये यासाठी बोटीला बाहेरून मॅग्नेशियमचे ठोकळे जोडलेले असतात. त्यांना ॲनोड म्हणतात. पोलादाऐवजी ते झिजतात. बोट एकटी असेतोवर हे ठीक चालतं. पण जेटीवरच्या खांबाला तुम्ही वायर जोडलीत की अर्थिंगच्या तारेतून तुमची आणि शेजारची बोट एकमेकींना जोडल्या जातात. दोघींच्या मध्ये पाणी असतंच. झाली की बॅटरी तयार! शेजाऱ्याचे ॲनोड संपलेले असतील तर तुमचे ॲनोड त्याच्या बोटीसाठी झिजू लागतात, आणि तेही संपले की पाळी तुमच्या पत्र्याची.

नव्या बोटीच्या तळाचा पत्रा बहुधा १० मिलिमीटर जाड असतो, बाजूंचा ६. चार मिलिमीटरच्या खाली गेलेल्या पत्र्याला विमा कंपन्या सहसा हात लावत नाहीत. यावर गॅल्व्हॅनिक आयसोलेटर नावाचा डबा मिळतो. झीज करणारा बारीक प्रवाह तो अडवतो. वायरिंगमध्ये खरा बिघाड झाला तर मात्र अर्थिंगला आपलं काम करू देतो. तो बसवून घ्या, आणि शेजाऱ्याकडे आहे का तेही विचारा. असं विचारण्यात काहीच गैर नाही.

दोन-तीन वर्षांनी बोट पाण्याबाहेर काढून तळाला काळा लेप द्यावा लागतो. कोकणात होड्या कधी वर ओढायच्या ते पाऊसच सांगतो. इथे असा ऋतू ठरलेला नाही, त्यामुळे तारीख आपणच धरून ठेवायची. त्याच वेळी ॲनोड बघून घ्यायचे.

३. धूर दिसत नाही म्हणून तो नाही असं नव्हे.
बोटीवर मला सर्वांत जास्त भीती बुडण्याची नाही, कार्बन मोनॉक्साइडची वाटते. या वायूला रंग नाही, वास नाही. एप्रिल २०१९पासून खासगी बोटींनाही सुरक्षा तपासणीत त्याचा अलार्म असावाच लागतो. एकावर भागवू नका. शेगडी जिथे आहे तिथे एक आणि झोपायच्या जागी एक, असे दोन ठेवा.

एकदा रात्री आमचा अलार्म वाजला तेव्हा आमची शेगडी विझलेली होती. वारा अगदी पडला होता आणि पलीकडच्या बोटीवर बॅटऱ्या चार्ज करायला इंजिन चालू होतं. त्याचा धूर आमच्या झरोक्यातून आत येत होता. आम्ही दारं-खिडक्या उघडून जेटीवर गेलो, त्याला हाक मारली, त्याने इंजिन बंद केलं. कालव्यावर रात्री आठ ते सकाळी आठ इंजिन चालवू नये असा नियम आहे. लोकांना तो झोपेसाठी केलेला वाटतो, मला तो जिवासाठी वाटतो. डोकं दुखतंय, मळमळतंय, ताप नाही, आणि बाहेर गेलं की बरं वाटतं, अशी लक्षणं दिसली तर पुन्हा आत जाऊ नका. शेजाऱ्यांना उठवा.

थंडीत झरोके बुजवायचा मोह होतो. बुजवू नका. कुकरच्या वाफेने भिंतींवर पाणी सुटतं, तेही त्या झरोक्यांतूनच निघून जातं.

४. आपला स्वयंपाक आणि त्यांचा कालवा.
बोटीवरच्या सिंकचं पाणी थेट कालव्यात जातं. आपल्या कढईतलं तेल तसंच धुतलं तर सकाळी शेजाऱ्याच्या खिडकीखाली तवंग दिसतो, आणि तिथेच बदकं पोहत असतात. कढई आधी कागदाने पुसून घ्यावी, तळणीचं उरलेलं तेल बाटलीत भरून कचऱ्यात द्यावं.

सिलिंडरमधला गॅस हवेपेक्षा जड असतो. बोटीत तो तळाशी साचून राहतो आणि एका ठिणगीची वाट बघतो. म्हणून सिलिंडर बाहेरच्या बंद कप्प्यातच हवा, आणि त्या कप्प्याचं भोक पाण्याच्या बाजूला उघडं हवं. हिवाळ्यासाठी प्रोपेन घ्या. ब्यूटेन शून्य अंशाच्या आसपास वायूच होत नाही, मग सकाळचा चहाही मिळत नाही.

५. संडासची टाकी.
ठरलेल्या जागीच रिकामी करा. मरीनाची सेप्टिक टँक असेल तर फॉर्माल्डिहाइड असलेलं निळं रसायन वापरू नका. टाकीतले उपयोगी जिवाणू त्याने मरतात आणि मग वास सगळ्यांनाच येतो.

६. पाणी गोठलं की बोट हलवू नका.
तुमचं पोलाद बर्फ फोडत जाईल, तुमचा काळा लेपही थोडाफार खरवडेल. पण ढकललेल्या बर्फाच्या धारदार लाद्या शेजारच्या फायबरच्या बोटीला चिरू शकतात, आणि त्या बोटीतही कुणी झोपलेलं असतं. कडाक्याची थंडी येणार असं कळलं की आदल्या दिवशीच पाण्याची टाकी भरून ठेवा, कारण जेटीवरचे नळ गोठतात. शेजारी कुणी म्हातारं माणूस एकटं राहत असेल तर त्याचीही भरून द्या.

७. पाय मध्ये घालू नका.
पंधरा टनांहून जड बोट जेटीवर आदळत असेल तर आदळू द्या. पत्रा सरळ करता येतो, हाड तसं नाही. पाण्यात पडलात तर पहिलं मिनिटभर पोहायची धडपड नको. थंडीच्या धक्क्याने श्वास लागतो आणि तोंडात पाणी जातं. मान मागे टाकून तरंगत राहा, श्वास ताब्यात आला की हाक मारा.

८. लेप्टो इथेही आहे.
कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात ज्याची धास्ती असते तोच हा आजार. उंदरांच्या मुतातून कालव्यात येतो आणि जखमेतून शरीरात जातो. हाताला चीर असेल तर दोर ओढताना हातमोजे घाला. नंतर ताप आला, पोटऱ्या दुखू लागल्या, तर मी कालव्यावर राहते हे डॉक्टरांना आपणहून सांगा. त्यांना फ्लू वाटू शकतो.

९. पत्ता पाठ ठेवा.
इथल्या डॉक्टरकडे नाव नोंदवायला पत्त्याचा पुरावा द्यावा लागत नाही. कुणी मागितलाच तर हे नम्रपणे सांगा. ठरलेला पत्ता नसलेल्या माणसालाही स्थानिक संबंधाचं निवेदन देऊन मतदार यादीत नाव घालता येतं. भारत राष्ट्रकुलात असल्यामुळे भारतीय पासपोर्टवर इथे रीतसर राहणाऱ्यांनाही तो हक्क आहे. तो वापरा, मरीनाच्या परवानग्या ज्या कौन्सिलकडून मिळतात ती तुमच्याच मतांवर निवडून येते.

रुग्णवाहिका बोलवायची वेळ येते तेव्हा घर नंबर नसतो. कालव्यावरच्या पुलांना क्रमांक असतात. जवळच्या पुलाचा क्रमांक, आपल्या जेटीचं अक्षर, जागेचा नंबर आणि फाटकाचा कोड एका कागदावर लिहून दाराच्या आतल्या बाजूला चिकटवा. कोड बदलला की कागदही बदला. आणि फाटक उघडायला रात्री कोण धावेल हे शेजाऱ्यांशी आधीच बोलून ठेवा. आमच्या जेटीवर ते काम टोकाच्या बोटीकडे आहे, आणि ते लोक गावाला गेले की आमच्याकडे.