घोडी घेतलीस, आता एवढं ऐक

घोडी घेतलीस, फार छान केलंस. जबलपूरच्या रांझीत घराला लागून एवढी मोकळी जागा राहिलेली असणं हेच आता नवल, आणि तिथे तू तबेला उभा केलास याचं मला मनापासून कौतुक आहे. पण आता जरा बस माझ्याजवळ. मोतद्दार ठेवलायस, तो अनुभवी आहे, हे चांगलंच. तरी रात्री-अपरात्री तो त्याच्या घरी असतो आणि घोडीजवळ तूच असतेस. म्हणून या गोष्टी तुला स्वतःला यायलाच हव्यात.

सगळ्यात आधी मनात पक्कं बसव, की घोडा हे भित्रं जनावर आहे. आपण मराठी माणसं घोडा म्हटलं की महाराजांच्या स्वाऱ्या आठवतो. या जबलपुरावरही १८१७ पर्यंत नागपूरकर भोसल्यांचा अंमल होता, त्यामुळे घोडदळाच्या गोष्टी इथल्या आपल्या घरांतही सांगितल्या जातात. पण रणात घोडा उभा राहतो तो माणसावरच्या विश्वासाने. मुळात तो गवत खाणारा, शिकारी दिसला की पळून जीव वाचवणारा प्राणी. त्याची देखभाल आणि तुझी सुरक्षितता, दोन्हींतलं जवळजवळ सगळं इथूनच समजतं.

तिचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना आहेत. त्यामुळे तिला चहूकडचं दिसतं, फक्त शेपटीच्या थेट मागचं आणि कपाळाच्या अगदी समोरचं दिसत नाही. म्हणून मागून जाऊ नकोस आणि समोरून एकदम कपाळावर हातही नेऊ नकोस. लांबूनच बोलत ये, खांद्याच्या बाजूने ये, पहिला हात मानेवर किंवा खांद्यावर ठेव. मागून वळसा घालायचाच असेल तर दोनच रीती: एक, पाठीवर हात ठेवून अगदी अंगाला लागून जायचं, म्हणजे तिला तू कुठे आहेस ते कळतं आणि लाथेला जोर मिळत नाही, नाहीतर दहा-बारा फूट लांबून जायचं. मधल्या अंतरावर लाथ पुरी बसते. कान मागे चपटे झाले, की तिथेच थांब.

दोर कधीही हाताला गुंडाळून धरू नकोस. घोडी बिचकून उधळली तर गुंडाळलेला दोर बोटं घेऊन जातो. जास्तीचा दोर घडी करून मुठीत धरायचा. बांधताना निरगाठ नको, एका ओढीत सुटेल अशी सुरगाठ मार, आणि दोर इतकाच ठेव की त्यात पाय अडकणार नाही. पायांशी काम असेल तर जमिनीवर बसकण मारायची नाही, वाकून करायचं. तबेल्यात चप्पल नको, जाड बूट घाल. ओढणी घरात ठेवून ये. ती फडफडली की घोडी बिचकते, आणि अडकली तर तुझ्या गळ्याला फास बसतो. घास भरवताना तळहात सपाट. आणि घोडीवर बसायचं तर हेल्मेट हवंच, अंगणातल्या अंगणात बसलीस तरी. बुटाला थोडी टाच असू दे, म्हणजे पाय रिकिबीत आरपार जाऊन अडकत नाही.

शेजारची मुलं येणारच. त्यांना हाकलू नकोस, पण मोठं माणूस सोबत असल्याशिवाय दाराच्या आत कुणी नाही, आणि पळापळ, आरडाओरडा नाही, हे पहिल्या दिवशीच सांग. लग्नसराईत कुणी ना कुणी विचारेल, ‘ताई, वरातीला देता का घोडी?’ सरळ नाही म्हण. डीजे, फटाके, डोळ्यांवर येणारे दिवे आणि चहूबाजूंनी गर्दी, हे सोसायला घोड्याला महिनोन् महिने सवय करावी लागते. नव्या घोडीला त्यात उभं करणं म्हणजे तिच्यावर अन्याय आणि वर बसलेल्या नवरदेवाच्या जिवाशी खेळ.

आता भित्रेपणाची दुसरी बाजू ऐक. रानात जो दुबळा दिसतो त्याच्यावर शिकारी आधी झडप घालतो, म्हणून घोडा दुखणं लपवतो. ती ओरडून सांगणार नाही, तुलाच ओळखावं लागेल. म्हणून सकाळी दार उघडायच्या आधी दोन मिनिटं बाहेरून नुसती बघ. रात्रीची वैरण संपली का? लीद नेहमीएवढी पडली आहे का, गोळे ओलसर आणि घट्ट आहेत का? मागचा एक पाय सैल सोडून उभी असेल तर ती आराम करते आहे. पण पुढचा पाय पुढे काढून त्यावरचा भार टाळत असेल, तर त्या पायात दुखतंय असं समज.

मग आत जा. जबड्याच्या हाडाच्या आतल्या कडेला बोटं फिरवलीस की दोरीसारखी एक नस बोटाखाली सरकते. तिच्यावर हलकेच बोट ठेवून पंधरा सेकंद ठोके मोज आणि चारने गुण. निवांत उभ्या असलेल्या मोठ्या घोड्याचे ठोके मिनिटाला २८ ते ४४ असतात. वरचा ओठ उचलून हिरडीवर अंगठा दाब; पांढरी झालेली जागा दोन सेकंदांत पुन्हा गुलाबी व्हायला हवी. अंगाचं तापमान ३७.५ ते ३८.५ अंश सेल्सियसच्या दरम्यान हवं. घोडी ठणठणीत असतानाच आठवडाभर हे आकडे वहीत लिहून ठेव, म्हणजे बिघाड झाला की फरक लगेच कळेल.

खाण्याचंही तसंच. सतत पळायच्या तयारीत असलेल्या जनावराला पोट तट्ट भरून चालत नाही, म्हणून त्याचं जठर अंगाच्या मानाने लहान असतं आणि ते दिवसभर थोडं थोडं चरतं. तेव्हा वैरण मुख्य, चंदी वरकड. वजनाचा अंदाज फितीने काढता येतो: पुढच्या पायांमागून छातीचा घेर आणि खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या टोकापर्यंतची लांबी सेंटिमीटरमध्ये घे. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ११,८८०. घेर १६० आणि लांबी १५० असेल तर घोडी साधारण ३२३ किलोची. तिच्या वजनाच्या दीड ते दोन टक्के, म्हणजे पाच ते साडेसहा किलो सुकी वैरण दिवसाला, तीन-चार वेळा वाटून दे. जव, हरभरा, चोकर यांतलं जे देशील ते एका वेळी थोडंच, आणि बदल करायचा तर आठ-दहा दिवसांत हळूहळू. बुरशी धरलेला दाणा किंवा भुसा उकिरड्यावर टाक, ‘थोडासाच तर आहे’ म्हणून तिच्यापुढे ठेवू नकोस. कोंबड्यांचं खाद्य तिच्या तोंडाला लागता कामा नये. त्यात बऱ्याचदा घातलेलं मोनेन्सिन नावाचं औषध घोड्याच्या हृदयाला मारक असतं. कुंपणाला कण्हेर असेल तर आजच मुळासकट काढ. कण्हेरीची मूठ-दोन मूठ पानंसुद्धा घोड्याचा जीव घेऊ शकतात, वाळलेली पानंही. आणि काटेरी तारेचं कुंपण असेल तर ते बदल. भ्यालेला घोडा तार बघत नाही.

पाणी साधारण दिवसाला ३० ते ४० लिटर, आपल्याकडच्या मे महिन्यात त्याहूनही जास्त. टाकी रोज घासून भर. पत्र्याखाली उन्हाळ्यात भट्टी होते, म्हणून छत उंच ठेव, वर गवताचा थर घाल आणि वारा आरपार जाऊ दे. घामाने गेलेल्या मिठासाठी मिठाचा खडा टांगून ठेव.

आता पोटशूळाचं. घोडी पुन:पुन्हा पोटाकडे वळून बघते, पुढच्या पायाने जमीन उकरते, खाली पडून लोळते, लीद टाकत नाही, अशी लक्षणं दिसली की वैरण काढून घे आणि लगेच डॉक्टरला फोन कर. हिंग-ओव्याचा काढा बाटलीने घशात ओतायचा सल्ला दहाजण देतील. तो ऐकू नकोस. काढा फुप्फुसात उतरू शकतो, आणि घोड्याला ओकता येत नाही, त्यामुळे आधीच ताणलेलं जठर फुटू शकतं. नंबर आत्ताच दारावर लिही: जनावरांसाठीची सरकारी हेल्पलाइन १९६२. शिवाय जबलपुरात नानाजी देशमुख पशुवैद्यक विद्यापीठ आहे, इथलं पशुवैद्यक महाविद्यालय १९४८ पासूनचं. वेळ आली तर कुठे न्यायचं ते आधीच जाऊन बघून ये.

खूर रोज उकरून साफ करायचे. तळाशी मधोमध मऊ त्रिकोणी गादी असते. तिच्या खाचांतून काळं पाणी आणि कुजका वास आला तर पावसाळ्याच्या चिखलाने खूर सडायला लागला आहे, हे ओळख. नालबंद सहा ते आठ आठवड्यांनी यायलाच हवा. लीद रोज उचल. माश्या कमी होतात आणि जंतांचा फेरा तुटतो. धनुर्वाताची लस चुकवू नकोस. लिदीत आणि मातीत त्याचे जंतू असतात आणि खिळा लागल्यासारखी छोटी जखमही घोड्याला पुरते.

मे २०२५ मध्ये पनागरजवळच्या रैपुरा गावात हैदराबादहून ५७ घोडे आणले होते, आठवतं ना? पंधरवड्याच्या आत त्यांतले आठ दगावले, रक्ताचे नमुने ग्लँडर्स या संसर्गजन्य रोगाच्या तपासणीसाठी हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रात गेले आणि प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत पोहोचलं. ग्लँडर्स माणसालाही होतो, म्हणून कायद्याने त्याची माहिती सरकारला द्यावीच लागते. तेव्हा दुसरा घोडा घेशील तर तपासणीचा कागद आधी बघ, आणि आणल्यावर तीन-चार आठवडे त्याला वेगळा बांध, बादली-खरारा वेगळा ठेव. लांबच्या प्रवासानंतर दोन दिवस पाणी, वैरण, सावली आणि विश्रांती, दुसरं काही नको.

‘भाकरी का करपली, घोडा का अडला, पान का सडलं? न फिरवल्यामुळे’ हे आपण लहानपणापासून म्हणतो, आणि घोड्यापुरतं ते अगदी खरं आहे. दिवसभर एका जागी बांधलेली घोडी लाकूड चावते, डोलत राहते, तिचं पोट बिघडतं. रोज तिला फिरव, थोडा वेळ मोकळी सोड. खरारा करताना हात अंगावरून सावकाश फिरू दे. गाठ, सूज, गरम जागा हातालाच आधी लागते, आणि तुझ्या हाताची तिला सवय होते.

आणि शेवटचं. घोडा पंचवीस वर्षंसुद्धा जगतो. दिवाळीला नागपूरला जाशील तेव्हा तिचं कोण करणार, हे आजच ठरव. निदान दोन माणसं अशी तयार कर, की ज्यांना हे सगळं तुझ्याइतकंच येतं, आणि वही त्यांच्या हातात दे. ते जमत नसेल तर चांगलं घर शोधून तिला तिथे दे. त्यातही तिचं भलंच आहे. पण मला माहीत आहे, तुला जमेल. उद्या सकाळपासून वही सुरू कर आणि आठवड्याने मला आकडे वाचून दाखव.