उडतं जहाज परत घेऊ का?

प्रश्न : आम्ही मित्र दर रविवारी 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' खेळतो. खेळ मी चालवतो. खेळाडूंना उडतं जहाज दिलं आणि जंगल, घाट, दरोडेखोर सगळंच बिनकामाचं झालं. जहाज परत घेऊ का?

उत्तर : घेऊ नका. कमावलेली वस्तू हिसकावली की खेळाडूंचा तुमच्यावरचा विश्वास जातो. त्यापेक्षा जहाजाला अट घाला. कीथ बेकर यांनी याच खेळासाठी रचलेल्या 'एबेरॉन' (२००४) या जगात तेच केलंय. तिथं जहाजाभोवतीच्या कड्यात अग्नीचं किंवा वायूचं महाभूत कोंडलेलं असतं. त्याला काबूत ठेवायला लिरँडार घराण्याची 'ड्रॅगनमार्क' खूण अंगावर असलेला सुकाणूवाला लागतो. म्हणजे जहाज तुमचं, पण त्या माणसाला राजी ठेवणं आलं. तो पगारावरून अडून बसला की गोष्ट तिथंच सुरू होते!

संदेश देणारे जोडदगडही पाहा. त्यांतून एका वेळी फार तर 25 शब्दांचा संदेश जातो आणि एकदा वापरले की दुसऱ्या पहाटेपर्यंत मुके. म्हणून तर त्या 25 शब्दांत काय कळवायचं यावर टेबलाभोवती तावातावाने चर्चा होते.

मात्र नवी अट डावाच्या मध्येच लादू नका. येत्या रविवारी, फासे हातात घेण्याआधी, सगळ्यांना बसवून ती स्पष्ट सांगा.