जहाजावर 276 जण

अभ्यासपाठ : कामाच्या ठिकाणची आपत्कालीन योजना
शास्त्रवाचन : अनुवाद 22:8, प्रेषितांची कृत्ये 27:27-44, 28:1-6



मागच्या पावसाळ्यात हिशेब तपासण्यासाठी मी सातपुड्यातल्या आपल्या मुलींच्या वसतिगृहात दोन दिवस मुक्कामाला होतो. दुसऱ्या दिवशी पहाटे साडेचारच्या सुमारास आरडाओरडा ऐकून जागा झालो. लाकडे ओली म्हणून स्वयंपाकीण मावशींनी ती रात्री चुलीला टेकवून वाळत ठेवली होती. त्यांच्यावर गोणपाट होते. ते पेटले आणि जाळ वाशांपर्यंत चढला. धूर शेजारच्या झोपण्याच्या खोलीत शिरला.

मुली बाहेर आल्या. अधीक्षिका बाईंनी अंगणातल्या आंब्याखाली त्यांना मोजले. 47 भरल्या. पटावर 48. कोण कमी आहे हे पाहायला हजेरीपट हवा होता, आणि तो होता कार्यालयात. कार्यालयाला कुलूप, किल्ली लिपिकाकडे, लिपिक गावी. आग विझवण्याचा सिलिंडरही त्याच कुलपामागे होता. चोरीला जाईल म्हणून तो आत ठेवा, असे दोन वर्षांपूर्वी मीच सांगितले होते.

बाई पुन्हा धुरात गेल्या. चौकीदार काकांनी त्यांना ओढत बाहेर आणले तेव्हा त्या बेशुद्ध होत्या. नऊ दिवस त्या रुग्णालयात होत्या. सकाळी सातला कळले की जी मुलगी सापडत नव्हती तिला आदल्या संध्याकाळी तिचा मामा घरी घेऊन गेला होता. आई आजारी होती. मामाने मावशींना सांगितले होते, मावशी भाकरीच्या गडबडीत विसरल्या. कुठे लिहायचे हे त्यांना कोणी सांगितलेच नव्हते.

त्या नऊ दिवसांत मी प्रेषितांची कृत्ये अध्याय 27 पुन्हा पुन्हा वाचला. लहानपणापासून ऐकलेली वादळाची गोष्ट. पण या वेळी नजर वेगळ्याच ठिकाणी थांबली.

देवदूताने पौलाला आधीच सांगितले होते की जहाजावरच्या एकाचाही जीव जाणार नाही. एवढे स्पष्ट अभिवचन मिळाल्यावर आपण काय केले असते? मला वाटते, हात जोडून बसलो असतो. पौल तसे करत नाही. खलाशी वाव टाकून खोली मोजतात, आधी 20 वाव, मग 15. खडकावर आदळू नये म्हणून मागच्या बाजूने चार नांगर सोडले जातात. मग तेच खलाशी नांगर टाकण्याचे निमित्त करून होडी उतरवतात आणि पळू पाहतात. पौल ताबडतोब शताधिपतीला सांगतो की ही माणसे जहाजात राहिली नाहीत तर तुम्ही वाचणार नाही. अभिवचन देवाचे, आणि तरीही जहाज हाकणारी माणसे आपल्या जागेवर हवीत. पौलाला यात विसंगती दिसत नाही. आपल्यापैकी काहींना दिसते. योजना करणे म्हणजे विश्वास कमी पडणे, असे एका सभासदाने मला तोंडावर सांगितले. त्यांना मी हाच अध्याय वाचायला दिला.

पुढे पौल सर्वांना खायला लावतो. चौदा दिवस कोणी धड जेवलेले नाही आणि उपाशी माणूस पोहू शकत नाही. बरोबर इथेच लूक एक आकडा लिहितो : जहाजावर 276 जण होते. पूर्वी मला हा आकडा उगाच घातल्यासारखा वाटे. आता वाटत नाही. जहाज फुटायच्या आधी गणती झालेली आहे. म्हणूनच शेवटी सर्व जण किनाऱ्याला सुखरूप पोहोचले असे लूक ठामपणे लिहू शकतो. आणि उतरण्याचा क्रमही ठरलेला : पोहता येणारे आधी, बाकीचे फळ्यांवर आणि जहाजाच्या तुकड्यांवर.

आमच्याकडे 48 हा आकडा होता, पण त्यामागची नावे कुलपात होती.

बाई परत आल्यावर आम्ही एक दुपार बसलो. सात कर्मचारी, चार मोठ्या मुली आणि मी. वसतिगृह म्हणजे मुलींचे घर, पण मावशींचे, काकांचे, बाईंचे ते कामाचे ठिकाणही आहे, आणि योजना दोघांसाठी हवी. मी छापील नमुना नेला होता. तो बाजूला ठेवावा लागला, कारण त्यात लिफ्ट आणि जिना होता, आणि आमच्याकडे दोन्ही नाहीत. त्याऐवजी प्रत्येकाला विचारले : तुम्हाला इथे कशाची भीती वाटते?

मावशी म्हणाल्या, गॅसची. हा गॅस हवेपेक्षा जड असतो, जमिनीलगत साचतो. वास आला तर रेग्युलेटर बंद करायचा, दारे-खिडक्या उघडायच्या, दिव्याच्या बटणाला हात लावायचा नाही, सर्वांनी बाहेर जायचे आणि 1906 या क्रमांकावर कळवायचे. तेल पेटले तर पाणी ओतायचे नाही, झाकण ठेवायचे. भाजले तर वीस मिनिटे साधे गार पाणी, टूथपेस्ट नाही. मी त्यांना कुंभकोणमची हकिगत सांगितली. 16 जुलै 2004 रोजी तमिळनाडूतल्या त्या शाळेत स्वयंपाकघराची आग गवती छपराला लागली आणि 94 मुले गेली. मावशी बराच वेळ गप्प होत्या. दुसऱ्या दिवशी लाकडे अंगणाच्या पलीकडे गेली होती.

चौकीदार काकांनी सापाचे नाव काढले, आणि सगळ्यांत जास्त वेळ यातच गेला. आपल्याकडे जीव घेणारे चार : नाग, मण्यार, घोणस, फुरसे. त्यातली मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते. सूज नाही, फारसे दुखत नाही, कधी दातांची खूणही दिसत नाही. मग पोटात दुखते, पापण्या जड होतात, श्वास अडकतो. म्हणून रात्री एखादी मुलगी पोट दुखते म्हणून उठली तर ओवा देऊन झोपवायचे नाही, आधी तिच्या डोळ्यांकडे पाहायचे. चावलेला भाग हलू द्यायचा नाही, मुलीला चालू द्यायचे नाही. घट्ट बांधायचे नाही, कापायचे नाही, चोखायचे नाही. वेळ कागदावर लिहायची आणि प्रतिविष असलेल्या दवाखान्यात न्यायचे. ते कोणत्या दवाखान्यात आहे हे साप चावल्यावर नव्हे, दर महिन्याला फोन करून विचारायचे.

इथे एका मुलीने विचारले, पौलाला साप चावला तेव्हा त्याने तो झटकून टाकला आणि त्याला काही झाले नाही ना? प्रश्न चांगला होता. तो साप काटक्यांच्या मोळीतूनच निघाला होता, हे मी तिला दाखवले. देवाने त्या दिवशी पौलाला राखले. दवाखाना जवळ असताना जाऊ नका, असे तिथे कुठेही लिहिलेले नाही. प्रार्थना जीपमध्ये करायची, जीप निघायच्या आधी तासभर नाही. गावच्या भगतांनाही आम्ही भेटायला गेलो. लोक आधी त्यांच्याकडे जातात, म्हणून त्यांच्याशी भांडण्यापेक्षा विनंती केली की आलेल्याला लगेच पुढे पाठवा. ते हो म्हणाले.

मग फोनचा प्रश्न. 108 वर रुग्णवाहिका मिळते हे सर्वांना पाठ होते, पण वसतिगृहात रेंज नाही. ती टेकडीवरच्या महूच्या झाडाखाली येते. तेव्हा योजनेत लिहिले : टेकडीवर काका धावतील, काका रजेवर असतील तर लिपिक. रुग्णवाहिकेची वाट पाहत बसायचे नाही, गावातल्या जीपने निघून तिला वाटेत गाठायचे. नाल्याला पूर असेल तर वरच्या पाड्याची वाट. जीपवाल्या दोघांचे क्रमांक भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिले आहेत, आणि ते अजून चालू आहेत का हे दर पहिल्या तारखेला लावून पाहिले जाते.

बाकी गोष्टी छोट्या आहेत. हजेरीपट आता दाराशेजारी खिळ्याला टांगलेला असतो. घरी जाणाऱ्या मुलीचे नाव तिला न्यायला आलेल्या माणसासमोरच लिहिले जाते. सिलिंडर स्वयंपाकघराच्या दाराबाहेर आहे, आत नाही, कारण आग लागल्यावर आत जाता येत नाही. त्याचा काटा हिरव्या पट्ट्यात आहे का हे मावशी पाहतात. पिन काढायची, नळी जाळाच्या बुडाशी धरायची, दांडा दाबून डावी-उजवीकडे फिरवायची, आणि पाठ नेहमी दाराकडे. तो काही सेकंदांतच रिकामा होतो, म्हणून आग माणसाच्या कमरेपेक्षा उंच असेल तर त्याच्या नादी न लागता बाहेर.

आणि सराव. पहिल्या वेळी सर्व मुली आंब्याखाली यायला सहा मिनिटे लागली, आणि दोघी कमी भरल्या. त्या खाटेखाली लपल्या होत्या. लहान मुले घाबरली की पळत नाहीत, लपतात, हे आम्हाला तेव्हा कळले. आता प्रत्येक मोठ्या मुलीकडे दोन लहान मुली सोपवल्या आहेत, आणि लपायचे नाही हे भिली-पावरीत समजावून सांगितले आहे, मराठीत नाही. झोपेतून उठलेल्या सहा वर्षांच्या पोरीला मराठी आठवत नाही. दुसऱ्या सरावाला तीन मिनिटे लागली.

बाईंचा आवाज अजून घोगरा आहे. सरावात नावे वाचण्याचे काम त्यांनी त्याच मुलीला दिले आहे, जी त्या पहाटे मामाच्या घरी होती.

मंडळीत चर्चेसाठी :

अनुवाद 22:8 मध्ये नव्या घराच्या धाब्याला कठडा बांधण्याची आज्ञा आहे, म्हणजे कोणी पडून त्या घरावर रक्तदोष येऊ नये. तुमच्या कारखान्यात, दुकानात, शाळेत कोणता कठडा बांधायचा राहिला आहे?

नाताळच्या रात्री उपासनामंदिर भरलेले असते. मागचे दार उघडते का? त्याची किल्ली कोणाकडे असते? येत्या रविवारी उपासना संपल्यावर जाऊन ते उघडून पाहा.