हिरवळीतील रानमेथी

मुंबईच्या उपनगरातील मरोळ हे पूर्वी भातशेतीचे गाव होते. आज तेथे कारखाने, कचेऱ्या व उंच इमारती उभ्या आहेत आणि इमारतींच्या आवारांत हरळीची हिरवळ दिसते. ही हिरवळ राखणे सोपे नाही. तिला पाणी व खत वारंवार द्यावे लागते.

पावसाळ्यात अशा हिरवळीत जमिनीसरपट वाढणारी एक नाजूक वनस्पती आपोआप उगवते. तिच्या प्रत्येक पानाला तीन इवली दले असतात. फुले जांभळट-गुलाबी असतात. हीच रानमेथी. आंबोशीचे पानही तीन दलांचे असते, परंतु तिची फुले पिवळी असतात. माळी रानमेथीला तण समजून उपटून टाकतो. मात्र त्या रोपाची मुळे न्याहाळली, तर त्यांवर बारीक गाठी आढळतात. त्यांतच तिचे मोल दडलेले आहे.

हवेत सुमारे ७८ टक्के नायट्रोजन असतो; पण वनस्पतींना तो हवेतून सरळ घेता येत नाही. शेंगा धरणाऱ्या बहुतेक वनस्पतींच्या मुळांवरील गाठींत सूक्ष्म जीवाणू राहतात. ते या नायट्रोजनचे अन्नात रूपांतर करतात. मोबदल्यात वनस्पती त्यांना साखर पुरवते. हेलरीगेल व विल्फार्थ या जर्मन शास्त्रज्ञांनी १८८८ मध्ये हे प्रयोगांनी दाखवून दिले. पुढे पाने व मुळे कुजली, की तो नायट्रोजन शेजारच्या गवतालाही मिळतो.

युरोपात हेच काम क्लोव्हर नावाची वनस्पती करते. पूर्वी हिरवळीच्या बियाण्यात तिचे बी मुद्दाम मिसळीत. दुसऱ्या महायुद्धानंतर रुंद पानांचे तण मारणारी औषधे आली. त्यांनी क्लोव्हरही मरू लागली, आणि लोक तिलाच तण म्हणू लागले! आता पुष्कळ लोक ती पुन्हा लावू लागले आहेत. परंतु क्लोव्हरला थंड हवा मानवते. मरोळच्या उष्ण हवेत येथल्या मातीतली रानमेथीच बरी. ती तुडवली गेली तरी तग धरते.

कोकणातील शेतकरी भात कापल्यावर उरल्या ओलीवर वाल पेरतो. वालाच्या मुळांवरही अशाच गाठी असतात. शेताने जपलेले हे शहाणपण हिरवळीनेही जपावे. कोणत्याही रोपाला तण म्हणण्यापूर्वी त्याचे मूळ पाहावे.

स्वाध्याय
१. रानमेथी व आंबोशी यांतील फरक सांगा.
२. मुळांवरील गाठींचा गवताला कसा उपयोग होतो?